वॉर्फ नाही म्हणतो तेव्हा

९ नोव्हेंबर १९८९ च्या रात्री बर्लिनची भिंत उघडली, हे आपल्याला शाळेच्या पुस्तकातून माहीत असतं. त्याच आठवड्यात, म्हणजे ६ नोव्हेंबरला सुरू झालेल्या आठवड्यात, अमेरिकेतल्या टीव्ही स्टेशनांवर 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' या मालिकेचा एक भाग दाखवला गेला. तिसऱ्या सीझनमधला सातवा. नाव 'द एनिमी'. शत्रू.

भाग अर्थातच बराच आधी लिहून, चित्रित होऊन तयार होता, त्यामुळे भिंतीचा आणि त्याचा थेट संबंध काही नाही. पण चाळीस वर्षं एकमेकांवर क्षेपणास्त्रं रोखून बसलेली दोन जगं जेव्हा हळूहळू हात खाली घेत होती, तेव्हा अमेरिकन टीव्हीवर नेमका काय प्रश्न विचारला जात होता, हे बघायला मला फार मजा येते. प्रश्न असा होता : युद्ध टळणार असेल, तर एखाद्या माणसाकडून त्याच्या मर्जीविरुद्ध रक्त काढून घ्यावं का?

'स्टार ट्रेक' म्हटलं की टोकदार कान आणि लेझरच्या बंदुका एवढंच ज्यांना आठवतं, त्यांनी प्लीज दोन मिनिटं धीर धरा. आणि हो, शेवट सांगणार आहे. इतक्या वर्षांनंतर स्पॉयलरची तक्रार चालणार नाही :)

आधी थोडी पार्श्वभूमी

पात्रपरिचय थोडक्यात. 'फेडरेशन' म्हणजे पृथ्वी आणि तिचे मित्र ग्रह. 'क्लिंगॉन' ही लढवय्यी जमात, फेडरेशनची जुनी शत्रू, आता मित्र. 'रोम्युलन' हे धूर्त, संशयी, अजूनही शत्रू. फेडरेशन आणि रोम्युलन साम्राज्य यांच्यामध्ये एक 'न्यूट्रल झोन', म्हणजे निर्लष्करी पट्टा. त्यात कुणीही जहाज घातलं की ती युद्धाची कृती समजायची असा करार.

हा पट्टा पहिल्यांदा दिसला १९६६ साली, मूळ मालिकेच्या 'बॅलन्स ऑफ टेरर' या भागात. कोरियाच्या दोन तुकड्यांमधला निर्लष्करी पट्टा तेव्हा जेमतेम तेरा वर्षांचा होता, बर्लिनची भिंत पाच वर्षांची. प्रेक्षकाला वेगळं समजावून सांगायची गरजच नव्हती. साठच्या दशकात क्लिंगॉन म्हणजे सरळसरळ रशियन असं सगळे धरून चालत. १९८७ मध्ये 'नेक्स्ट जनरेशन' सुरू झाली तेव्हा मात्र एक क्लिंगॉन फेडरेशनच्या जहाजावरच, एंटरप्राइझच्या ब्रिजवर, गणवेश घालून उभा होता. तोच आपला वॉर्फ. त्याचे आईवडील तो लहान असताना खिटोमर नावाच्या वसाहतीवरच्या रोम्युलन हल्ल्यात मारले गेले. ढिगाऱ्यातून त्याला वाचवलं आणि वाढवलं एका माणसाने, आणि गंमत म्हणजे त्या दत्तक बापाचं नाव रशियन आहे : सर्गेई रोझेन्को.

आता गोष्ट. न्यूट्रल झोनच्या जवळ, पण फेडरेशनच्या हद्दीत, गॅलॉर्न्डन कोअर नावाचा एक ग्रह आहे. तिथे कायम विजांची वादळं. त्या ग्रहावर एक रोम्युलन यान कोसळलेलं सापडतं. शत्रूचं यान आपल्या हद्दीत काय करत होतं? एंटरप्राइझवरचे तिघे खाली उतरतात : वॉर्फ, इंजिनियर जॉर्डी ला फोर्ज आणि कमांडर रायकर (आपल्याकडच्या रायकरांशी काही नातं नाही). एक जखमी रोम्युलन वॉर्फवर झडप घालतो, वॉर्फ त्याला आडवा करतो आणि जहाजावर आणतो. गडबडीत जॉर्डी एका खड्ड्यात पडतो आणि मागे राहतो.

इथून कथा दोन फाट्यांनी जाते. खाली जॉर्डीची गाठ बॉक्रा नावाच्या दुसऱ्या रोम्युलनशी पडते. वर जहाजावर डॉक्टर बेव्हर्ली क्रशर जखमी रोम्युलनला तपासते आणि म्हणते, हा जगायचा असेल तर याला जुळणारे रायबोसोम लागतील. (रायबोसोम 'चढवणं' म्हणजे नेमकं काय ते बायॉलॉजीवाल्यांनी विचारू नये. रक्तच समजा.) सगळ्या जहाजाची तपासणी होते. जुळणारा एकच माणूस निघतो. वॉर्फ.

वॉर्फ नाही म्हणतो.

डॉक्टर त्याला समजावते. रायकर समजावतो. शेवटी कॅप्टन पिकार्ड त्याला बोलावतो. तोपर्यंत टोमालॉक नावाचा रोम्युलन सेनानी आपल्या माणसाला न्यायला युद्धनौका घेऊन न्यूट्रल झोन ओलांडायच्या बेतात आहे. तो माणूस जिवंत हातात दिला तर प्रकरण मिटू शकतं. मेला, तर दोन महासत्ता समोरासमोर. हे सगळं पिकार्ड वॉर्फपुढे मांडतो. वॉर्फ शांतपणे म्हणतो की तुम्ही हुकूम दिलात तर मी पाळेन.

म्हणजे बघा, कॅप्टनला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. पिकार्ड ते बोलत नाही. तो विनंती करतो, अक्षरशः याचना करतो. वॉर्फ म्हणतो, मला शक्य नाही. आणि विषय तिथे संपतो. थोड्या वेळाने तो रोम्युलन मरतो.

टीव्हीच्या नियमाप्रमाणे नायकांपैकी एकाने शेवटच्या पाच मिनिटांत विरघळायला हवं होतं. लेखकांच्या टेबलावरही आधी तेच गृहीत होतं. मग कुणीतरी विचारलं की समजा त्याने दिलंच नाही तर? मालिकेचा तेव्हाचा मुख्य लेखक मायकेल पिलर याने ही आठवण सांगून ठेवली आहे. वॉर्फची भूमिका करणाऱ्या मायकेल डॉर्नलाच सुरुवातीला हे रुचलं नव्हतं. आपलं पात्र लोकांच्या मनातून उतरेल ही त्याची काळजी, आणि ती चुकीची नव्हती.

मला मात्र वॉर्फपेक्षा पिकार्डचं कोडं जास्त मोठं वाटतं. त्याने हुकूम का दिला नाही?

न्यूरेम्बर्गचा हिशेब

या प्रश्नाचं उत्तर अंतराळात नाही, न्यूरेम्बर्गमध्ये आहे.

९ डिसेंबर १९४६ ला तिथे अमेरिकन लष्करी न्यायालयात एक खटला सुरू झाला. आरोपी २३, त्यांतले २० डॉक्टर. म्हणून त्याला 'डॉक्टरांचा खटला' म्हणतात. छळछावण्यांमधल्या कैद्यांवर त्यांनी प्रयोग केले होते. उदाहरणार्थ, डाखाऊमध्ये कैद्यांना बर्फाच्या पाण्यात तासन् तास ठेवून माणूस थंडीने कसा मरतो आणि त्याला पुन्हा ऊब कशी द्यावी याच्या नोंदी घेतल्या गेल्या. कशासाठी? तर जर्मन वैमानिक थंड समुद्रात कोसळत होते, त्यांचे जीव वाचवण्यासाठी.

हे 'कशासाठी' महत्त्वाचं आहे. आरोपींचा बचाव 'आम्हाला मजा येत होती म्हणून केलं' असा नव्हता. त्यांचा बचाव हिशेबाचा होता. युद्ध चालू आहे, हजारो सैनिकांचे प्राण पणाला लागलेत, हे कैदी तसेही मरणारच होते, थोड्यांच्या बदल्यात पुष्कळ वाचतात. ऑगस्ट १९४७ मध्ये निकाल लागला. १६ जण दोषी ठरले, त्यांपैकी ७ जणांना जून १९४८ मध्ये फाशी झाली.

निकालपत्रात न्यायाधीशांनी दहा कलमं घातली. तीच 'न्यूरेम्बर्ग संहिता'. पहिलं कलम सांगतं की ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याची स्वेच्छेने दिलेली संमती अत्यावश्यक आहे. त्या कलमाला 'पण' जोडलेला नाही. युद्ध चालू असेल तर, लाखोंचं भलं होणार असेल तर, असं काही नाही.

आता, न्यूरेम्बर्ग संहिता प्रयोगांबद्दल आहे, रक्तदानाबद्दल नाही, हे मान्य. आणि पिकार्डची तुलना त्या डॉक्टरांशी करण्याचा तर प्रश्नच नाही. पण हिशेब बघा. एका माणसाचं थोडं रक्त, त्याला फारसा धोकाही नाही, आणि पलीकडच्या पारड्यात युद्ध. यापेक्षा स्वस्त सौदा असूच शकत नाही. असा स्वस्त सौदा समोर असताना, आणि समोरचा 'हुकूम द्या, पाळतो' म्हणत असताना, पिकार्ड तो हिशेब मांडतो, वॉर्फला दाखवतो, आणि मग वही मिटून ठेवतो. कारण एकदा का 'पुष्कळांचं भलं' हे एखाद्याच्या शरीरात हात घालायला पुरेसं कारण झालं, की पुढचा हिशेब कोण मांडतोय यावर सगळं अवलंबून राहतं.

पिट्सबर्ग, १९७८

ही नुसती कल्पना वाटत असेल तर खरी घटना सांगतो. ती 'द एनिमी'च्या अकरा वर्षं आधीची आहे, आणि इतकी जुळते की अंगावर काटा येतो.

अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये मॅकफॉल नावाच्या एका ३९ वर्षांच्या माणसाला अप्लास्टिक ॲनिमिया झाला. अस्थिमज्जा, म्हणजे बोन मॅरो, रक्त तयार करायचंच थांबवते. त्या काळात वाचण्याची आशा एकच, जुळणाऱ्या नातेवाइकाच्या मज्जेचं रोपण. सगळ्या नातेवाइकांमध्ये पहिल्या चाचणीत जुळला तो त्याचा चुलत-मावस नात्यातला भाऊ, शिम्प. पुढच्या चाचणीच्या वेळी शिम्पने माघार घेतली. नाही म्हणाला.

मॅकफॉल कोर्टात गेला. मला वाचवायला याच्यावर सक्ती करा. जुलै १९७८ मध्ये न्यायमूर्ती जॉन फ्लॅहर्टी यांनी निकाल दिला. त्यांनी शिम्पची अजिबात भलामण केली नाही. नैतिकदृष्ट्या त्याच्या वागण्याचं समर्थन होऊ शकत नाही, असं त्यांनी स्वच्छ लिहिलं. आणि तरीही सक्ती करायला नकार दिला. समाज व्यक्तीच्या संरक्षणासाठी असतो, एका माणसाच्या शरीरातला भाग दुसऱ्यासाठी ओरबाडून घेण्यासाठी नव्हे, असा त्या निकालाचा आशय. ऑगस्टमध्ये मॅकफॉल गेला.

कायद्याच्या आणि वैद्यकीय नीतीच्या वर्गांमध्ये 'मॅकफॉल विरुद्ध शिम्प' आजही शिकवतात. कारण त्यात दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत, ज्या आपण रोजच्या बोलण्यात सर्रास एक करतो. एक, 'तू हे करायला हवंस'. दोन, 'आम्ही तुझ्याकडून हे करवून घेऊ शकतो'. पहिलं खरं असलं म्हणून दुसरं खरं होत नाही. पिकार्ड नेमका याच फटीत उभा आहे. वॉर्फने रक्त द्यायला हवं याबद्दल त्याला शंका नाही.

पण तो गणवेशात आहे ना!

इथे चांगला आक्षेप येतो. शिम्प साधा नागरिक होता. वॉर्फ लष्करी अधिकारी आहे. ज्या ग्रहावर तो मेलाही असता, तिथे त्याला पाठवताना कुणी 'प्लीज' म्हटलं नव्हतं. मरायला पाठवता येतं, मग चमचाभर रक्त मागता का येऊ नये?

या प्रश्नावर खरी सैन्यंसुद्धा भांडली आहेत. १९९८ मध्ये अमेरिकन संरक्षण खात्याने सैनिकांना अँथ्रॅक्सची लस सक्तीची केली. शेकडो सैनिकांनी नकार दिला, काहींचं कोर्ट मार्शल झालं. प्रकरण नागरी न्यायालयात गेलं आणि डिसेंबर २००३ मध्ये न्यायाधीश एमेट सलिव्हन यांनी ती सक्ती थांबवली. कारण असं की श्वासातून होणाऱ्या अँथ्रॅक्ससाठी त्या लसीला रीतसर परवानगी मिळालेली नव्हती आणि अशा वेळी सैनिकाची संमती लागते. पुढे परवानगी मिळाल्यावर सक्ती परत आली. म्हणजे गणवेश घातला की शरीर पूर्णपणे आपलं राहत नाही, हे खरं. पण ते पूर्णपणे सरकारचंही होत नाही.

आणि लस ही निदान त्या सैनिकाला वाचवण्यासाठी असते. वॉर्फकडे जे मागितलं जातंय ते दुसऱ्यासाठी. धोक्याच्या जागी पाठवणं म्हणजे माणसाला काम देणं. त्याचं रक्त काढून घेणं म्हणजे माणसालाच सामान समजणं. मला तरी ही रेघ पटते. ती ठळक आहे असं मात्र म्हणणार नाही.

डॉक्टर क्रशरची गोष्ट वेगळी. तिला 'मी शत्रूवर उपचार करणार नाही' असं म्हणायची मुभाच नाही. हा नियमही एका लढाईतून आलाय. २४ जून १८५९, उत्तर इटलीतलं सोल्फेरिनो. हेन्री ड्युनांट हा जिनिव्हाचा व्यापारी स्वतःच्या धंद्याच्या कामाने तिकडे गेला होता आणि लढाईनंतर हजारो जखमी तसेच पडलेले पाहून हादरला. जवळच्या कास्तिल्योने गावातल्या बायका कुठल्या सैन्याचा न बघता सगळ्यांना पाणी देत होत्या, जखमा बांधत होत्या. ड्युनांटने त्यावर पुस्तक लिहिलं, त्यातून रेड क्रॉस उभी राहिली आणि १८६४ मध्ये पहिला जिनिव्हा करार झाला : जखमी सैनिक कुठल्याही बाजूचा असो, त्याच्यावर उपचार व्हायलाच हवेत.

डॉक्टरने तो पेशा पत्करताना हे बंधन स्वीकारलेलं असतं. दात्याने काहीच स्वीकारलेलं नसतं. मराठीत आपण याला रक्त'दान' म्हणतो, अवयव'दान' म्हणतो. दान या शब्दातच सगळं आलं. हक्काने वसूल करता येतं ते कर्ज किंवा कर. दान नव्हे.

दुसरा नकार

या भागाबद्दल बोलताना एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. नकार फक्त वॉर्फचा नाही. वॉर्फ जेव्हा त्या मरणाऱ्या रोम्युलनच्या खाटेपाशी जातो, तेव्हा तोही त्याला सुनावतो की क्लिंगॉनचं रक्त अंगात घेऊन बाटण्यापेक्षा मी मरेन.

हे वाक्य ऐकून कुणाला अतिशयोक्ती वाटली असेल, तर दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन रक्तपेढी आठवावी. १९४१ मध्ये सैन्यासाठी रक्त गोळा करायला सुरुवात झाली तेव्हा अमेरिकन रेड क्रॉस काळ्या दात्यांना परतच पाठवत होती. ओरड झाल्यावर जानेवारी १९४२ मध्ये त्यांचं रक्त घ्यायचं ठरलं, पण वेगळी लेबलं लावून, वेगळं ठेवून. रक्ताला वंश नसतो हे शास्त्रज्ञांना तेव्हाही माहीत होतं. गंमत, खरं तर शोकांतिका, अशी की प्लाझ्मा साठवण्याचं तंत्र मोठ्या प्रमाणावर राबवण्यात ज्याचा वाटा फार मोठा होता, तो डॉक्टर चार्ल्स ड्रू स्वतः काळा होता. रेड क्रॉसने ही वेगवेगळी लेबलं बंद केली १९५० मध्ये.

म्हणजे वॉर्फ आणि तो रोम्युलन दोघंही एकाच आजाराने पछाडलेले आहेत, आणि तो आजार आपल्या ओळखीचा आहे. मालिका कुणालाही त्यातून बरं करत नाही. मला आवडलं ते हेच. संमतीचा हक्क फक्त चांगल्या कारणांसाठी नाही म्हणणाऱ्यांना नसतो. आकसाने, भीतीने, दुःखाने नाही म्हणणाऱ्यालाही असतो. नाहीतर कारण 'चांगलं' की 'वाईट' हे ठरवणारा एक साहेब नेमावा लागेल.

मग युद्ध टळलं कसं?

पुन्हा खाली ग्रहावर. जॉर्डी जन्मापासून आंधळा आहे आणि डोळ्यांवर बसवलेल्या 'व्हायझर' नावाच्या उपकरणाने बघतो. वादळातल्या विद्युत्चुंबकीय लहरींमुळे त्याच्या मेंदूशी असलेली जोडणीच निकामी होत जाते. बॉक्रालाही चालवेनासं होतं. ज्याला दिसत नाही तो आणि ज्याला चालता येत नाही तो, अशी ही जोडी. आंधळ्या-पांगळ्याची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असतेच.

जॉर्डी जन्मांध आहे हे कळल्यावर बॉक्राला आश्चर्य वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं : तुझ्या आईवडिलांनी तुला जगू दिलं? तो हे दुष्टपणाने विचारत नाही. त्याच्या समाजात तसंच असतं. न्यूरेम्बर्गच्या त्या खटल्यातला प्रमुख आरोपी कार्ल ब्रांट हा नाझींच्या 'टी४' कार्यक्रमाचा एक प्रमुख होता. अपंग आणि मनोरुग्णांना 'ओझं' ठरवून मारण्याचा तो कार्यक्रम. ऑगस्ट १९४१ पर्यंत सुमारे ७०,००० माणसं. तेव्हा बॉक्राचा प्रश्नही काही परग्रहावरून आलेला नाही.

सुटका होते ती त्याच व्हायझरमुळे. एंटरप्राइझवरून न्यूट्रिनो सोडणारं एक यंत्र ग्रहावर टाकतात. त्याची दिशा दिसायला साधन हवं, म्हणून दोघं मिळून तो व्हायझर एका तपासणी यंत्राला जोडतात आणि तिथवर पोचतात. त्यांना वर घेण्यासाठी पिकार्डला समोर टोमालॉकची नौका असताना जहाजाची संरक्षक ढाल खाली करावी लागते. तो ती करतो. दोघं थेट ब्रिजवर अवतरतात आणि बॉक्रा टोमालॉकला सांगतो, या माणसाने माझा जीव वाचवला. टोमालॉक माघार घेतो. एवढंच.

रक्तामुळे टळू शकलं असतं ते युद्ध अखेर टळलं दोन सामान्य माणसांमुळे, ज्यांना कुणीही एकत्र काम करायचा हुकूम दिलेला नव्हता.

टीव्हीवरचं सोयीस्कर योगायोग म्हणून सोडून देता आलं असतं, पण इतिहासात असं झालंय. २६ एप्रिल १९८६ ला चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. बाहेरच्या जगाला सुगावा लागला तो दोन दिवसांनी, स्वीडनमधल्या एका अणुकेंद्रावर किरणोत्सर्ग जास्त दिसला तेव्हा. अमेरिकन सरकारने अधिकृतपणे मदत देऊ केली आणि सोव्हिएत सरकारने ती आभार मानून नाकारली. सरकार सरकारकडून मदत घ्यायला तयार नव्हतं. पण लॉस एंजेलिसचे रक्तरोगतज्ज्ञ रॉबर्ट गेल यांनी, लेनिनच्या काळापासून रशियात उठबस असलेले उद्योगपती आर्मंड हॅमर यांच्यामार्फत निरोप पाठवला, आणि तो स्वीकारला गेला. मेच्या सुरुवातीला गेल मॉस्कोच्या ६ नंबरच्या हॉस्पिटलात पोचले. तिथे किरणोत्सर्गाच्या आजारातल्या मोठ्या तज्ज्ञ डॉक्टर अँजेलिना गुस्कोवा आपल्या टीमसह आधीच झटत होत्या. १३ रुग्णांवर अस्थिमज्जेचं रोपण झालं.

वैद्यकीयदृष्ट्या ते फारसं यशस्वी झालं नाही. त्यांतले बहुतेक रुग्ण वाचले नाहीत, आणि अशा रुग्णांना रोपणाचा किती उपयोग होतो यावर पुढे शंकाच घेतली गेली. पण मेच्या मध्यावर गोर्बाचेव्ह यांनी गेल आणि हॅमर यांना भेटीला बोलावलं. शत्रुराष्ट्राचा डॉक्टर मॉस्कोच्या वॉर्डात उभा आहे हे चित्र जगाने पाहिलं. एका डॉक्टरमुळे शीतयुद्ध संपलं, असं म्हणणं बावळटपणा होईल. पण सरकारांना जे दार उघडता येत नव्हतं, ते स्वतःहून आलेल्या माणसाला उघडलं गेलं, हे खरं.

आणि आपल्या घरी

तुम्ही म्हणाल, क्लिंगॉन, रोम्युलन, पिट्सबर्ग, मॉस्को... आपला काय संबंध? आहे. चांगलाच जवळचा आहे.

आपल्याकडे किडनीचा बाजार बोकाळल्यावर १९९४ मध्ये मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा झाला. आरोग्य हा राज्यांचा विषय, त्यामुळे केंद्राने कायदा करावा असा ठराव राज्यांनी करावा लागतो. तो सुरुवातीला ज्या तीन राज्यांना लागू झाला ती म्हणजे महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश (शिवाय केंद्रशासित प्रदेश). कायद्याचा गाभा तोच, दात्याची स्वेच्छा. विक्री बंद. जवळच्या नात्याबाहेरचा दाता असेल तर समितीची परवानगी.

पण 'जवळचं नातं' म्हटलं की सक्ती संपली असं थोडंच आहे? भारतात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांमध्ये बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा खूप जास्त आहे, आणि घेणाऱ्यांमध्ये पुरुषांचं. बायको देते, आई देते, बहीण देते. त्यांतल्या कित्येक जणी मनापासून, प्रेमाने देत असतील, आणि त्यांच्यापुढे हात जोडायलाच हवेत. पण 'घरातला कमावता माणूस आहे, तूच विचार कर' असं चार वडीलधाऱ्यांनी म्हटल्यावर जी मान हलते, तिला संमती म्हणायचं का? हासुद्धा हिशेबच. पिकार्डने वही मिटली, आपण ती सुनेच्या पुढ्यात उघडून ठेवतो.

कायदा करणाऱ्यांना हे कळत नव्हतं असं नाही. २०१४ च्या नियमांमध्ये खास लिहिलंय की दाता स्त्री असेल तर जास्त खबरदारी घ्यावी, आणि तिची स्वतंत्र संमती रुग्णाखेरीज दुसऱ्या कुणीतरी पडताळून पाहावी. रुक्ष सरकारी भाषेतली दोन ओळींची तरतूद, पण तिच्या मागे किती घरं उभी असतील याचा विचार करा.

प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांमध्ये आणखी एक पद्धत आहे, जगभर तिच्यावर चर्चा चालू असते. इच्छुक दात्याला एकट्याला खोलीत घेऊन विचारायचं, तुम्हाला खरंच द्यायचंय का? तो किंवा ती नाही म्हणाली, तर बाहेर येऊन घरच्यांना एवढंच सांगायचं की हे दाते म्हणून योग्य नाहीत. कारण सांगायचं नाही. काहींना ही लबाडी वाटते. डॉक्टरने अर्धसत्य का सांगावं? पण त्या बाईला त्याच घरात परत जायचंय, त्याच स्वयंपाकघरात उभं राहायचंय. मला विचाराल तर हीही एक डिप्लोमसीच आहे, आणि दोन साम्राज्यांमधल्या डिप्लोमसीपेक्षा ती काही कमी अवघड नाही.

वॉर्फला ही आडोशाची सोय मिळाली नाही. त्याचा नकार जहाजावरच्या वरिष्ठांना माहीत होता आणि तो रोम्युलन मेल्यावरही त्याला त्याच ब्रिजवर उभं राहायचं होतं. शिम्पचं नाव तर खटल्यासकट कायमचं पुस्तकात गेलं. उघडपणे नाही म्हणण्याची किंमत असते, आणि ती भरायची ताकद प्रत्येकात नसते.

मला वॉर्फचा निर्णय आवडत नाही. त्याच्या जागी मी असतो तर रक्त दिलं असतं असं वाटतं (अर्थात, माझे आईवडील कुणी मारलेले नाहीत, त्यामुळे हे म्हणणं सोपं आहे). पण ज्या जहाजावर वॉर्फला नाही म्हणता येतं, त्याच जहाजावर कुणी हो म्हटलं तर त्या 'हो'ला काही अर्थ असतो. ज्या घरात नाही म्हणताच येत नाही, तिथल्या 'हो'चं काय करायचं, हा प्रश्न चोविसाव्या शतकापर्यंत थांबणारा नाही. एखाद्या हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये, सगळे नातेवाईक जमलेले असताना, तो कधीही आपल्यापुढे येऊ शकतो. त्या वेळी सगळ्यांच्या नजरा जिच्याकडे वळतील, तिला आधी एकटीला विचारा. आणि ती नाही म्हणाली, तर तिच्या बाजूला उभे राहा.